घरचं हवामान केंद्र, संगणक आणि सावित्रीचं खोरं

२३ जुलै २०२१ च्या सकाळी साडेआठला महाबळेश्वरला चोवीस तासांचा पाऊस मोजला गेला, तो ५९४ मिलिमीटर भरला. एका चौरस किलोमीटरवर एवढा पाऊस म्हणजे जवळपास साठ कोटी लिटर पाणी. हा आकडा बातम्यांत आला तेव्हा महाडच्या बाजारपेठेत सावित्री नदी शिरून दिवस उलटला होता. तळीये गावावरची दरड आदल्या संध्याकाळीच कोसळली होती, पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही डोंगर आला होता. मोजण्यात कुणाची चूक नव्हती. चोवीस तासांचा आकडा चोवीस तास संपल्यावरच हाती येतो.

घरी बसवायची हवामान केंद्रं आता पाच-दहा हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत मिळतात आणि त्यांतली बहुतेक संगणकाला जोडता येतात. महाड-पोलादपूरच्या माणसाने ती घ्यावीत का, घेतली तर कशी जोडावीत, जोडून काय करावं, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या हौसेचा राहत नाही. बाजारातली पत्रकं वाचली तर सगळी जोडणी सारखीच वाटते: यंत्र लावा, मोबाइलवर आकडे बघा. पण जोडणी चांगली की वाईट हे कोरड्या दिवशी कळत नाही. वीज गेली, टॉवर बंद पडला, तरी पुढच्या बारा तासांची नोंद शिल्लक राहते का, ही या दोन तालुक्यांतली कसोटी. पुढचा सगळा आढावा याच एका कसोटीवर घेतला आहे. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत राहणाऱ्याला तो थोडा एकांगी वाटेल.

आधी नदी. सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते, आंबेनळीच्या अंगाने खाली उतरते, पोलादपूरवरून महाडला येते. महाडला रायगडच्या बाजूची गांधारी तिला मिळते, तिकडूनच येणारी काळ नदीही पुढे याच पाण्यात येते, आणि मग दासगाववरून सगळं बाणकोटच्या खाडीकडे जातं. खालच्या अंगाला भरतीचं पाणी आत येतं. वरचा लोंढा आणि खालची भरती एका वेळी गाठली की पाण्याला जायला वाट उरत नाही. महाडकरांना सावित्रीचे दोन आकडे पाठ असतात: इशारा पातळी सहा मीटर, धोका पातळी साडेसहा मीटर. मधे अर्धा मीटर. पण पातळी सांगते ती आलेल्या पाण्याची गोष्ट. येणाऱ्या पाण्याची खबर वरच्या पावसात असते, आणि तो पाऊस पोलादपूरच्या वाड्यांवर पडतो, महाडच्या गच्चीवर नव्हे. त्यामुळे महाडला एकट्याने यंत्र बसवणाऱ्याला स्वतःच्या गच्चीवरचा पाऊस कळेल, पुराबद्दल फारसं काही कळणार नाही. हे कडू वाटलं तरी सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

सरकारी मोजणी नाहीच असं कुणी समजू नये. तालुक्याच्या ठिकाणी सकाळी साडेआठला पाऊस मोजण्याची रीत जुनी आहे. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात राज्य सरकार आणि स्कायमेट यांनी महसूल मंडळागणिक एक अशी दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं राज्यभर उभी केली. त्यांत पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांची नोंद होते, आणि पीक विम्याचे निकष लावताना हीच नोंद पुढे येते. सपाट देशावर एका मंडळाला एक केंद्र हे प्रमाण चालून जाईल. इथे एकाच मंडळात नदीकाठची भातखाचरं असतात आणि डोंगराच्या खांद्यावरची वाडीही असते. वरंधच्या बाजूला पाऊस धो धो पडत असताना महाडला नुसती भुरभुर असू शकते. घरची केंद्रं उपयोगी पडतात ती या मधल्या रिकाम्या जागांत.

आता यंत्र. बाहेर दांड्यावर वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या आणि दिशादर्शक, पांढऱ्या जाळीदार पेटीत तापमान-आर्द्रतेचा संवेदक, आणि एक नरसाळं. घरात पडदा असलेला कन्सोल, त्याच्या पोटात वायुभारमापक. आपल्या कामाचं आहे ते नरसाळं. त्याच्याखाली दोन छोट्या वाट्या एका आसावर टेकवलेल्या असतात. एक भरली की कलते, रिकामी होते, दुसरी धारेखाली येते. लंडनच्या क्रिस्टोफर रेनने सतराव्या शतकात, १६६२ च्या सुमारास, ही कल्पना यंत्रात आणली, आणि आजच्या चिनी बनावटीच्या प्लास्टिकच्या यंत्रातही तीच आहे. वाटी कलली की तिच्यावरचं चुंबक एका रीड स्विचसमोरून जातं आणि एक विद्युत टिचकी पडते. एक टिचकी म्हणजे बहुधा ०.२ मिलिमीटर पाऊस. अमेरिकी बनावटीत इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे ०.२५४. संगणकाला पाऊस कळतो तो एवढ्याच रूपात: टिचकी पडली, आणि ती अमुक वेळेला पडली. जोडणीचं सगळं शास्त्र या दोन गोष्टी न गमावता वहीत उतरवण्याचं आहे.

सगळ्यात जुनी वाट सीरियल केबलची. कन्सोलमधून नऊ पिनांची तार संगणकात. आताच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं, मधे यूएसबी कन्व्हर्टर घालावा लागतो, आणि तार काढून दुसऱ्या खाचेत लावली की पोर्टचा क्रमांक बदलून प्रोग्राम गप्प बसतो. तरी ही वाट मोडीत काढू नये. डेव्हिस या अमेरिकी कंपनीची व्हँटेज प्रो २ मालिका अनेक देशांतले हौशी निरीक्षक वर्षानुवर्षं वापरत आले आहेत, आणि कन्सोलशी संगणकाने कसं बोलावं याचं पुस्तक कंपनीने स्वतःच खुलं ठेवलं आहे. या मालिकेला डेटा लॉगर वेगळा विकत घ्यावा लागतो. छोटीशी ती पट्टी महाग वाटते, पण तिच्यात २५६० नोंदी राहतात. पाच मिनिटांना एक या हिशेबाने जवळजवळ नऊ दिवस. संगणक बंद, वीज बंद, इंटरनेट बंद; कन्सोल आपल्या सेलवर चालत राहतो आणि नोंद साठत राहते. आठवड्याने संगणक सुरू केला की मागचं सगळं एकदम उतरवून घेता येतं. आपल्या कसोटीवर ही जुनी वाट पहिल्या नंबरने पास होते, अडचण फक्त किमतीची.

दुसरी वाट थेट यूएसबीची. फाइन ऑफसेट ही चिनी कंपनी बनवते ती डब्ल्यूएच १०८० जातीची केंद्रं जगभर वेगवेगळ्या नावांनी विकली गेली. त्यांच्या कन्सोलमध्ये ४०८० नोंदींची जागा आहे, पाच मिनिटांच्या अंतराने चौदा दिवस पुरते. किंमत डेव्हिसच्या मानाने किरकोळ. या जातीत कधीकधी यूएसबीची बोलणी अडकतात आणि कन्सोलचे सेल काढून पुन्हा घालावे लागतात. यावर उपाय म्हणून कन्सोल स्वतः लिहीत असतो तो क्षण टाळून वाचणारे प्रोग्रामही हौशी लोकांनी लिहिले. दुकानात या जातीचं नवं यंत्र आता क्वचित दिसतं, पण कुणी जुनं विकत असेल तर नाक मुरडू नये.

तिसरी वाट वायफायची, आणि आज बाजारात हिचीच चलती आहे. बाहेरचे संवेदक बिनतारी संदेशाने घरातल्या छोट्या डबीशी बोलतात, डबी राउटरमार्फत आकडे थेट कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर पाठवते, आपण मोबाइलवर पाहतो. लावायला अर्धा तास पुरतो. पण पहिल्याच पावसात हिची दुखरी नस सापडते. काही डब्यांना स्वतःची आठवणच नसते. राउटर बंद पडला की त्या तासांचा पाऊस कुठेच उरत नाही. जुलै २०२१ च्या पुरात महाड परिसरात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते, तळीयेची खबर बाहेर पोचायलाही वेळ लागला. त्या पुरात असलं यंत्र नुसतं खांबावर लटकून राहिलं असतं. तरीही ही वाट सुधारता येते. विकत घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: डबी किंवा कन्सोलमध्ये मेमरी कार्डावर नोंद होते का, आणि आकडे कंपनीच्या सर्व्हरखेरीज घरातल्याच संगणकाकडे पाठवण्याची सोय आहे का. इकोविटसारख्या काही कंपन्या ही दुसरी सोय देतात. ती असेल तर घरचं जाळं इंटरनेटवाचून चालतं, फक्त राउटर आणि संगणक जिवंत ठेवावा लागतो. दोन्ही प्रश्नांना दुकानदार 'अ‍ॅपमध्ये सगळं दिसतं' एवढंच उत्तर देत असेल तर पैसे खिशात ठेवावेत.

चौथी वाट गमतीची आहे. संवेदक आपले आकडे रेडिओवर उघडपणेच सांगत असतात, मग कन्सोलची मनधरणी कशाला? टीव्हीच्या ट्यूनरच्या चिपवर बनलेला एक स्वस्त यूएसबी डोंगल आणि 'आरटीएल ४३३' नावाचा मोफत प्रोग्राम एवढ्यावर संगणक हे संदेश थेट ऐकतो. शेजाऱ्याचं केंद्रही ऐकू येतं, कधी समोरून गेलेल्या गाडीच्या टायरमधला दाबही. शिकायला उत्तम, पण पुराच्या रात्री संगणक बंद पडला की ऐकणारं कुणीच उरत नाही, म्हणून हिला जोडीची वाट मानावं. परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी एक पाहावं: अमेरिकेतली बरीच केंद्रं ९१५ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि तो पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापराला मोकळा नाही.

पाचवी वाट स्वतः बनवण्याची. ईएसपी ३२ ही काही शेकड्यांत मिळणारी पट्टी, तिला पर्जन्यमापकाच्या दोन तारा, वायुभार-तापमान-आर्द्रतेसाठी बीएमई २८० हा संवेदक, वेळेसाठी घड्याळाची चिप, नोंदीसाठी मेमरी कार्ड. पॉलिटेक्निकच्या मुलांना चार दिवसांचं काम. एकच सूचना: रीड स्विच मिटताना थरथरतो आणि एका टिचकीच्या तीन-चार मोजल्या जातात, त्यामुळे पहिल्या टिचकीनंतरचे काही मिलिसेकंद पुढच्या टिचक्या दुर्लक्षित कराव्या लागतात. हे विसरणाऱ्याच्या गावी महाबळेश्वरपेक्षा जास्त पाऊस पडतो. पट्टीला वीज इतकी थोडी लागते की मोबाइलच्या पॉवरबँकवर ती रात्रच काय, दिवसही काढते. विकतच्या महाग यंत्राइतकीच, किंबहुना काकणभर जास्त, माझी पसंती या वाटेला आहे, कारण बिघडलं तर दुरुस्तीला मुंबईला पाठवावं लागत नाही.

वीज हा या जोडणीतला खरा जाच. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक तीन ते पाच वॅट खातो. बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण पिळली तर ८४ वॅट-अवर देते, पण तिला जगवायचं असेल तर निम्मीच वापरावी. म्हणजे चार वॅटच्या पायला दहा तास, आणि राउटरही त्यावरच टांगला तर त्याहून कमी. घरात इन्व्हर्टर असतो त्यांचं भागतं, पण मग बॅटरी कुठे ठेवली आहे ते पाहावं. महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी तळमजला बुडवून वर चढतं हे तिथल्या कुणाला सांगायला नको. तरी इन्व्हर्टर जिन्याखालीच असतो. सौर पट्टीवर जुलैत विसंबू नये. सूर्यच आठ-आठ दिवस दिसत नाही.

वीज गेली-आली की दुसरंच दुखणं सुरू होतं, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. ते म्हणजे घड्याळ. रास्पबेरी पायच्या पाचव्या पिढीआधीच्या संगणकांत स्वतःचं घड्याळच नाही. पाचव्यात आहे, पण त्याला सेल वेगळा जोडावा लागतो. हे संगणक सुरू झाले की इंटरनेटवरून वेळ विचारतात. वीज आली पण इंटरनेट आलं नाही, तर बंद पडण्याआधीची वेळ धरून पुढे मोजू लागतात. पहाटे चारचा मुसळधार पाऊस रात्री अकराच्या नावावर चढतो. यावरून पुढे कुणी पाऊस आणि पातळीची सांगड घालायला बसला तर त्याला पाणी पावसाआधी आलेलं दिसेल. त्यातही एक मेख आहे. वीवेक्स हा लोकप्रिय प्रोग्राम दर चार तासांनी कन्सोलचं घड्याळ संगणकाशी ताडून पाहतो आणि पाच सेकंदांहून जास्त फरक असला तर कन्सोलचं घड्याळ बदलतो. बरोबर चाललेलं घड्याळ चुकलेल्या घड्याळाबरहुकूम लावलं जातं. उपाय स्वस्त आहे: डीएस ३२३१ जातीचं सेलवर चालणारं घड्याळ पायला जोडायचं, आणि ते जोडेपर्यंत वीवेक्सची ही जुळवाजुळव बंद ठेवायची. मेमरी कार्डाचंही तसंच. लिहीत असताना वीज गेली की कार्ड खराब होतं, म्हणून रोजची प्रत पेनड्राइव्हवर निघेल अशी सोय करून ठेवावी.

प्रोग्रामांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विंडोजवर क्युम्युलस पुष्कळ वर्षं चालत आला. त्याची आताची आवृत्ती क्युम्युलस एमएक्स लिनक्सवरही चालते. वेदर डिस्प्ले हाही जुना आणि पैसे देऊन घ्यायचा. वीवेक्स मोफत, खुला, पायथनमध्ये लिहिलेला, आणि डझनावारी जातींच्या यंत्रांशी बोलणारा. माझं मत वीवेक्सच्या बाजूने पडतं, कारण तो नोंदी साध्या एसक्यूलाइट फायलीत ठेवतो. उद्या प्रोग्राम उरला नाही तरी फाइल कुणालाही उघडता येते. बसवल्याबरोबर एकक इंचातून मिलिमीटरमध्ये आणावं. आणि दिवस कुठून कुठे मोजायचा हे ठरवून घ्यावं. हे प्रोग्राम दिवस मध्यरात्री बदलतात, हवामान खातं सकाळी साडेआठला. आपला आकडा तहसीलच्या आकड्याशी जुळत नाही म्हणून यंत्राला दोष देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा घोटाळा इथेच असतो. पाच-पाच मिनिटांच्या नोंदी असतील तर साडेआठ ते साडेआठ अशी बेरीज केव्हाही करता येते. जागतिक वेळेनुसार आपले साडेआठ म्हणजे बरोबर पहाटेचे तीन, एवढं लक्षात ठेवलं की बाहेरच्या जाळ्यांशीही हिशेब लागतो.

एवढी तयारी करूनही नरसाळं खोटं बोलत असेल तर सगळं फुकट. कलत्या वाट्यांचं मापक जोराच्या पावसात कमीच मोजतं. वाटी कलत असतानाचं पाणी हिशेबात येत नाही. ताशी शंभर मिलिमीटरच्या पावसात ०.२ ची वाटी दर सात सेकंदांनी कलते, तेव्हा प्रत्येक कलण्यात निसटणारा सेकंदाचा अंशही काही टक्क्यांचा फरक पाडतो. आपल्याकडे तर असा पाऊस पाहुणा नसतो. म्हणून तपासणी करून घ्यावी. नरसाळ्याचा व्यास वीस सेंटिमीटर असेल तर एक लिटर पाणी म्हणजे ३१.८ मिलिमीटर पाऊस, म्हणजे १५९ टिचक्या. सलाईनची बाटली आणि नळी घेऊन ते लिटरभर पाणी तासाभरात थेंबथेंब सोडायचं आणि संगणकाने किती मोजलं ते पाहायचं. १५० आले तर गुणक १.०६. हा गुणक प्रोग्राममध्ये घालायची सोय असते.

आणि जवळच एक साधं हातमापक हवंच: सरळ भिंतींचं, काठ स्वच्छ कापलेलं, रोज सकाळी साडेआठला वाचून वहीत लिहायचं. शाळेच्या प्रयोगशाळेतलं असलं तरी चालेल. संगणक पाऊस कधी पडला ते सांगतो, हातमापक किती पडला ते सांगतं. महिन्याची बेरीज दोघांची जुळली नाही तर हातमापकावर विश्वास ठेवावा. संगणकाच्या नादात वही सोडणारा माणूस दोन्हींना मुकतो.

जागेचा प्रश्न कोकणात सुटता सुटत नाही. मापकाच्या आसपास जे काही उंच असेल त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर मोकळं हवं, असा दंडक आहे. माडा-आंब्याच्या वाडीत एवढी मोकळी जागा खळ्यातच सापडते. गच्चीवर वारा पावसाला आडवा नेतो आणि मापकात कमी पडतो. वाऱ्याच्या वाट्यांना मात्र उंची हवी, जमिनीपासून दहा मीटर हे वेधशाळांचं माप. घरच्या माणसाने ते गाठता आलं नाही म्हणून खंत करू नये. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आत डोंगरापर्यंत घरांची छपरं उडवली, तेव्हा दांडा पक्का बांधणं महत्त्वाचं. मुंग्या नरसाळ्याच्या तोंडाशी वारूळ करतात, कोळी वाट्यांना जाळी विणतो, गांधीलमाशी तापमानाच्या पेटीत घर बांधते, शेवाळ तर पंधरवड्यात धरतं. वानरांना फिरत्या वाट्यांची काय ओढ असते ते त्यांनाच ठाऊक. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसात लांब तारेतून विजेचा झटका थेट संगणकात येतो. बिनतारी जोडणीचा हा एक निखळ फायदा. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रतेचा आकडा शंभराजवळ जाऊन बसतो तो हलत नाही. यंत्र बिघडलं असं समजून ते उघडून बसू नये, कोकणात तो खराच असतो.

मग या आकड्यांचं करायचं काय? वेदर अंडरग्राउंड, ब्रिटनच्या हवामान खात्याने २०११ मध्ये सुरू केलेलं वाव, हौशी निरीक्षकांचा सीडब्ल्यूओपी असे आकडे स्वीकारणारे मंच आहेत. तिथे आपलं गाव नकाशावर दिसतं, आनंद होतो. पण महाडला पुराच्या रात्री उपयोग होईल तो वरच्या गावांतल्या माणसाशी बांधलेल्या दुव्याचा, जगाच्या नकाशाचा नव्हे. याची दोन उदाहरणं डोळ्यांपुढे ठेवण्यासारखी आहेत.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात २८ जुलै १९९७ ला अचानक पूर आला. शहराच्या एका भागात दहा इंचांवर पाऊस झाला होता आणि दुसऱ्या टोकाला दोन इंचांच्या आत. सरकारी मापकांच्या जाळ्यातून तो निसटला. पुढच्याच वर्षी तिथल्या विद्यापीठाच्या हवामान केंद्राने नागरिकांच्या हाती चार इंची साधी मापकं दिली. 'कोकोराझ' या नावाने ते काम आज अमेरिकाभर चालतं, आणि मोजणी अजूनही हातमापकानेच होते, संगणक फक्त आकडा पोचवतो. दुसरं उदाहरण जवळचं, केरळातल्या वायनाडचं. कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटरने जिल्हाभर दोनशेवर मापकं लावून स्थानिक लोकांकडून रोजच्या नोंदी घेतल्या. ३० जुलै २०२४ ला मुंडक्कई-चूरलमला ही गावं दरडीत वाहून गेली, त्याच्या आदल्या दिवशीच त्यांनी जवळच्या पुथुमलाचा पाऊस पाहून जिल्हा प्रशासनाला धोका कळवला होता. माणसं वाचली नाहीत, ही त्यातली दुसरी बाजू. मोजणाऱ्याचा आकडा ऐकणाऱ्याच्या कारवाईत आपोआप उतरत नाही. पण जाळं साधं होतं आणि त्याने आपलं काम वेळेवर केलं.

सावित्रीच्या खोऱ्यात असं जाळं उभं करायला फार यंत्रं लागणार नाहीत. आंबेनळीच्या पायथ्याची गावं, पोलादपूर, वरंधची बाजू, बिरवाडी, रायगडच्या अंगाला नाते, आणि महाड शहर: सहा-सात ठिकाणं पुरेशी आहेत. जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत किंवा आरोग्य उपकेंद्राची जागा घरापेक्षा बरी, कारण घरातला हौशी मुलगा नोकरीला मुंबईला जातो आणि यंत्र अनाथ होतं. टॉवर बंद पडल्यावरही आकडा खाली पोचावा म्हणून लोरा या कमी विजेच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओचा विचार करता येईल. मधे डोंगर आडवे असल्याने त्याला एखाद्या खांद्यावर पुनःप्रक्षेपक बसवावा लागेल. एक-दोन पावसाळे पाच मिनिटांच्या नोंदी साठल्या आणि त्या महाडच्या पातळीशेजारी ठेवल्या की वरचा पाऊस खाली यायला किती तास घेतो, भरतीच्या वेळी किती घेतो, हे याच खोऱ्याच्या आकड्यांवरून सांगता येईल. एका गच्चीवरचं कितीही महाग यंत्र हे काम करणार नाही.

एका गोष्टीची ताकीद मात्र हवी. आकडा देणं वेगळं आणि इशारा देणं वेगळं. 'गेल्या तासात साठ मिलिमीटर' हे कुणीही कळवावं, ते तहसील कार्यालयाच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला आधी कळवावं. 'धरण फुटतंय, पळा' असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर सोडू नये. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार घबराट पसरवणाऱ्या खोट्या इशाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. शिवाय एकदा खोटा ठरलेल्या माणसाचा खरा आकडाही पुढे कुणी ऐकत नाही.

यंदा कुणी यंत्र घेणार असेल तर त्याने स्वतःची साठवण असलेलंच घ्यावं, हातमापक बरोबर घ्यावं, आणि शक्य असेल तर महाडकराने दुसरा संच वरच्या एखाद्या गावातल्या शाळेला द्यावा. मे संपायच्या आत सगळं लावून सलाईनची परीक्षा उरकावी, एक रात्र मेन स्विच बंद करून नोंद राहते का ते पाहावं, आणि पहिला आकडा १ जूनला सकाळी साडेआठला वहीत लिहावा.